घटनेतील हक्क आणि आपले दोन जिल्हे

कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही अधूनमधून घटनेची ओळख करून देत असतो. अशाच एका वर्गात एका हंगामी कामगाराने आम्हांला विचारले, “अण्णा, हे हक्क आम्हांला घटनेने दिले म्हणता, पण घटनेकडे ते आले कुठून?” प्रश्न साधा होता, पण त्याचे धड उत्तर आम्हांला देता आले नाही. १२१५ सालची इंग्लंडच्या जॉन राजाची सनद, १७८९ ची फ्रान्सची राज्यक्रांती, अमेरिकेच्या घटनेला १७९१ मध्ये जोडलेली हक्कांची कलमे, अशी पुस्तकात वाचलेली नावे आम्ही सांगितली. त्याने मान डोलावली, परंतु त्याचे समाधान झालेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याला जे विचारायचे होते ते निराळेच होते. राजाने आणि सरकारने करू नये अशा काही गोष्टी असतात, ही जाणीव आपल्याकडच्या माणसाला केव्हा आणि कशी झाली, असा त्याचा प्रश्न होता. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

परदेशातील त्या सनदांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. आपल्या घटनाकारांनी त्या वाचल्या होत्या आणि त्यांतून मोकळेपणाने घेतलेही. परंतु दुसऱ्याच्या पुस्तकातील कलम आपल्या कायद्यात उतरते, ते त्या कलमाची गरज आपल्याला अंगावर सोसून कळलेली असते म्हणून. ही गरज आपल्या सातारा–सांगलीच्या मुलखाला कशी कळत गेली, एवढेच आज पाहावयाचे आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग आणि विलीन झालेली संस्थाने मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा त्यापूर्वीच्या गोष्टी सांगताना आजची जिल्ह्याची हद्द विसरावी लागेल.

पहिली गोष्ट साताऱ्याच्या राजवाड्यातील आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. महाराज कर्तबगार होते. त्यांनी शाळा काढली, ग्रंथसंग्रह केला, शहरास पाणी आणले. पुढे कंपनी सरकारचे आणि त्यांचे बिनसले. कंपनीच्या पलटणीतील हिंदी अंमलदारांना फितविण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. १८३६ मध्ये एका गुप्त समितीने चौकशी केली. परंतु पुरावा समोर मांडून, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी देऊन, एखाद्या निःपक्षपाती न्यायासनापुढे खटला असा कधी चालला नाही. १८३९ साली मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. तहाचा भंग केल्याचे कबूल करून सही करा, म्हणजे गादी राहील, असे त्यांचे म्हणणे पडले. महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व त्यांच्या धाकट्या बंधूंना गादीवर बसविले गेले.

यानंतर जे घडले ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे न्यायासाठी झगडत राहिले. त्यांनी अर्ज छापले, कंपनीच्या भागीदारांच्या सभांत प्रकरण लावून धरले, पार्लमेंटमधील सभासदांची दारे ठोठावली. जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉम्प्सन यांच्यासारखे काही इंग्रज गृहस्थ त्यांच्या बाजूने बोललेही. पण निकाल हलला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीस वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८५३ मध्ये रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ च्या उठावाच्या कटात साताऱ्यास ज्या सतरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली, त्यांत त्यांचा मुलगाही होता.

आता या हकीकतीच्या शेजारी आपली घटना ठेवून पाहा. विसाव्या अनुच्छेदात म्हटले आहे की, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्यास अटकेची कारणे सांगावी लागतात, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. बत्तिसाव्या अनुच्छेदाप्रमाणे मूलभूत हक्कांवर घाला आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते, डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत याच अनुच्छेदाला साऱ्या घटनेचा प्राण मानले होते. रंगो बापूजींना नेमके हेच दार नव्हते. आरोप करणारी कंपनी, चौकशी करणारी कंपनी, निकाल देणारी कंपनी आणि अपील ऐकणारीही कंपनीच. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच दारात गाऱ्हाणे सांगावे लागले, तर चौदा वर्षे काय आणि चाळीस वर्षे काय! तथापि हेही विसरता कामा नये की हा लढा एका राजाच्या हक्काचा होता. त्याच साताऱ्यातील कुळाला, बलुतेदाराला किंवा वेशीबाहेरच्या माणसाला विलायतेस धाडण्यासाठी वकील नव्हता.

वेशीबाहेरच्या माणसाची गोष्ट आता सांगतो. १९०० सालच्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्याचे वडील पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरील तलावाच्या ठिकाणी रोखपाल होते. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा नऊ वर्षांचा मुलगा, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांकडे जाण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने निघाले व मसूर स्टेशनवर उतरले. मुलांच्या अंगावर नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच ते मागे सरले. गाडीवाले भाडे नाकारू लागले. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर एक जण तयार झाला. मुलांजवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत टोलनाक्यावर त्यांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागून पाहिले. तेथेही मिळाले नाही. ती रात्र त्यांनी तहानलेलीच काढली. पुढे डॉ. आंबेडकरांनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे.

मसूर येथून जवळ आहे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या स्टेशनवरून प्रवास केला असेल. तेव्हा विचार करा, त्या मुलांना पाणी कोणी नाकारले? गव्हर्नराने नव्हे, कलेक्टराने नव्हे. आपल्यासारख्याच साध्या माणसांनी. म्हणजे सरकारचा हात आवरला की माणूस स्वतंत्र झाला, असे होत नाही. शेजाऱ्याचाही हात आवरावा लागतो. याच कारणाने आपल्या घटनेत अशी कलमे आली आहेत, की जी नुसती सरकारला उद्देशून नाहीत. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. कायद्याच्या ग्रंथात विहीर आणि घाट हे शब्द का यावेत, असे ज्याला वाटेल त्याने मसूरची ती वाट डोळ्यांपुढे आणावी.

आणि नुसता ठराव करून भागत नाही, हेही याच प्रश्नाने शिकविले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले झाल्याचे जाहीरही केले. पण त्या पाण्याला कोणाची ओंजळ लागली नाही. ती लागली २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले तेव्हा. त्यानंतर मार खावा लागला, दिवाणी दावा लढावा लागला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आधी कागद, मग पावले आणि मग न्यायालय, असा हा क्रम आहे. यांतील एकही पायरी गाळून चालत नाही.

एकत्र जमण्याच्या आणि संघटना करण्याच्या हक्काबद्दल आमच्यासारख्याने न बोलणे हे कर्तव्यात कसूर केल्यासारखे होईल. त्यासाठी क्षणभर जिल्ह्याबाहेर जावे लागेल. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले आणि गोळ्या झेलल्या. गिरणगावातील त्या चाळींत घाटावरची, आपल्या मुलखातील माणसे मोठ्या संख्येने राहत. एका संपादकाच्या लेखणीसाठी मजुराने मजुरी सोडली, ही गोष्ट आपण फार लवकर विसरतो. पण त्या काळी संघटनेला कायद्याचे छत्र नव्हते. मद्रासेत बी. पी. वाडिया यांनी १९१८ मध्ये कामगारांची संघटना बांधली, तेव्हा गिरणी मालकांनी त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाईहुकूम आणला. संप करावा म्हणून सांगणे हाच गुन्हा ठरू लागला! आपले ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देण्याचा ठराव मांडला आणि १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला. तो स्वतंत्र कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने आपल्या पोटात घेतला. परंतु संघ स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे आणि तो कोणत्याही एका कायद्याहून मोठा आहे.

आता परत आपल्या मुलखात येऊ आणि थोडे थांबू. कारण पुढची गोष्ट साऱ्या हिंदुस्थानात अपूर्व आहे. औंध हे बहात्तर खेड्यांचे लहानसे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी असे त्याचे तुकडे विखुरलेले असून त्यांपैकी कुंडल व आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत. याच संस्थानाच्या जमिनीवर १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ पासून गादीवर होते. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडमधून आलेले इंजिनियर, ज्यांना लोक भारतानंद म्हणत, यांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली.

तिची बांधणी खालून वर अशी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची सभा व्हावयाची आणि तालुक्याच्या सभांतून संस्थानचे विधिमंडळ उभे राहावयाचे. गावचे तंटे गावात मिटावेत म्हणून पंचायतीला न्यायदानाचेही काम होते. त्या घटनेत नागरिकांचे हक्क लिहून दिले होते : व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणाचे, सभेचे व उपासनेचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, आणि त्यांच्याच पंक्तीला मूलभूत शिक्षण, काम आणि किमान निर्वाहाचे वेतन. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. भारताच्या घटनेने या पंक्तीचे दोन भाग केले. भाषणस्वातंत्र्य व समानता तिसऱ्या भागात गेली आणि त्यांसाठी न्यायालयात जाता येते. काम आणि निर्वाहवेतन चौथ्या भागात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत गेले आणि केवळ त्यांच्या आधाराने न्यायालयात दाद मागता येत नाही. शिक्षण तेवढे २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांत आले. ज्या मुकादमाकडे रोजी अडकली आहे, त्याच्याविरुद्ध सभेत उठून बोलण्याचे स्वातंत्र्य ऊसतोड मजुराला कितपत असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला औंधच्या त्या एका पंक्तीचे मोल कळेल.

औंधने तुरुंगाचाही विचार केला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे फ्रीडमन यांच्या कल्पनेतून कैद्यांची खुली वसाहत झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याने शेती करावी आणि कुटुंबासह राहावे. त्याच संस्थानात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी हा विषय कथेत आणला आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. अपराध सिद्ध झाल्यावरही माणूस माणूसच राहतो, हे नागरी स्वातंत्र्याचे एक अवघड कलम आटपाडीच्या माळावर प्रत्यक्षात आले होते. औंधचा हा प्रयोग ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा संपला. नऊ वर्षे म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय ते हक्क राजाच्या उदारपणातून आले होते, लोकांनी झगडून घेतले नव्हते, असाही आक्षेप घेता येईल. आक्षेप खरा आहे. पण कोणा राजाने आपला हात कायद्याने बांधून घ्यावा, ही गोष्टही लहान नाही.

झगडून घेणारे लोक शेजारीच होते. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथे कचेरीवर निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह माणसे धारातीर्थी पडली. यातून भूमिगत चळवळ उभी राहिली आणि १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी कितीतरी माणसे त्यात होती. कुंडल हे त्यांचे मोठे ठाणे होते आणि औंधच्या हद्दीचा आसरा भूमिगतांना मिळत असे. प्रतिसरकारने दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, दारूबंदी केली, कमी खर्चाची लग्ने लावली आणि न्यायदान मंडळांतून गावोगावचे तंटे तोडले. राज्य करण्याचा अधिकार लोकांचा आहे, हे त्यांनी अर्ज न करता सिद्ध करून दाखविले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. लोक प्रतिसरकारला ‘पत्री सरकार’ म्हणत, ते गुन्हेगाराच्या तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. पोलीस पाठीवर असताना रानात बसून न्याय करावयाचा, तेथे वकील कुठला आणि अपील कुठले! त्या माणसांच्या त्यागाला उणेपणा आणावा, असे आमच्या मनात स्वप्नातही येणार नाही. आमची सारी पिढी त्यांच्या पोवाड्यांवर वाढली. पण आपल्या बाजूचे, आपल्या प्रेमाचे, लोकांनीच उभे केलेले सरकार असले, तरी आरोपीला त्याची बाजू मांडू देणारे कलम लागतेच. किंबहुना तेथे ते अधिक लागते. कारण आपल्या माणसांवर आपण संशय घेत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत वर्गणीच्या पैशांत तूट आली. वर्गणी गोळा करणाऱ्या एका सभासदावर बोट ठेवले गेले. त्याच रात्री कार्यकारिणी बसली आणि त्याला न बोलाविता, न विचारता, एकमताने काढून टाकले. ठराव आम्ही स्वतः लिहिला. मालकाने एखाद्या कामगाराला कारणे दाखवा नोटीस न देता काढले, तर आम्ही दारात धरणे धरतो. पण त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही ते आठवले नाही. चार महिन्यांनी वही तपासताना चूक बेरजेची निघाली, आणि बेरीज आमची होती. आम्ही त्याच्या घरी गेलो, माफी मागितली, त्याला परत घेतले. तो परत आला, पण पुन्हा सभेत बोलला नाही. एका माणसाचे भाषणस्वातंत्र्य आम्ही कोणत्याही सरकारच्या मदतीवाचून काढून घेतले होते.

घटनेचे रक्षण न्यायालय करील असे म्हणून आपण निर्धास्त राहतो. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला की, आणीबाणी चालू असता स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना तेवढे वेगळे राहिले. म्हणजे रंगो बापूजींच्या तोंडावर लागलेले दार काही काळ आपल्याच देशात पुन्हा लागले. ते उघडण्याचे काम लोकांनी केले. १९७७ ची निवडणूक झाली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले की, विसावा आणि एकविसावा अनुच्छेद आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही. त्या निकालाची चूक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच स्पष्ट शब्दांत मान्य केली. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली.

तेव्हा त्या हंगामी कामगाराला आम्ही आज असे सांगू : बाबा रे, घटनेकडे हे हक्क आले ते साताऱ्याच्या राजाला न मिळालेल्या सुनावणीतून, मसूरच्या वाटेवर न मिळालेल्या पाण्यातून, मुंबईतल्या सहा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीतून, औंधच्या लेखातून आणि कुंडलच्या रानातून. जे नाकारले गेले, तेच लिहून ठेवावे लागले. घटनासमितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ते स्वीकारले, हा त्या लिहिण्याचा शेवट होता. वागण्याचा आरंभ मात्र प्रत्येकाला आपल्या ठिकाणी करावा लागतो.

श्रोत्यांना एकच विनंती आहे. घटनेचा तिसरा भाग, अनुच्छेद बारा ते पस्तीस, मराठीत उपलब्ध आहे आणि तो वाचावयास एक संध्याकाळ पुरते. तो एकदा वाचावा. आणि पुढच्या खेपेस आपल्या मंडळात, पतपेढीत, भावकीत किंवा गावकीत एखाद्यावर आरोप येईल तेव्हा निकाल देण्याआधी त्या माणसाला बोलावून घ्यावे, त्याला समोर बसवावे आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकावे.